ध्वनिमुद्रणाला रेखाटनाचं पहिलं बक्षीस: पटतं का?

चारकोल:
ब्रिटनमध्ये समकालीन रेखाटनासाठी दरवर्षी एक मोठी स्पर्धा होते. १९९४ पासून सुरू आहे. बरीच वर्षं जेरवूड ड्रॉइंग प्राइझ या नावाने, २०१८ पासून ट्रिनिटी बॉय वॉर्फच्या नावाने. विद्यार्थी असो की नावाजलेला चित्रकार, कुणीही काम पाठवावं. निवडलेल्या कामांचं प्रदर्शन लंडनला भरतं, मग इतर गावी फिरतं. २०१४ चं पहिलं बक्षीस, ८,००० पौंड, ॲलिसन कार्लिअर यांच्या ध्वनिमुद्रणाला मिळालं. एका वस्तूचं तोंडी वर्णन. वस्तू कुठली ते कळत नाही, कागदावर एक रेघ नाही. मला हे आजही पटत नाही. रेखाटन म्हणजे हात, दाब आणि कागद. पेन्सिली झिजवून काम पाठवणाऱ्यांवर हा अन्याय आहे.

रेघ:
मला पटतं. शाळेतल्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेचा स्मरणचित्राचा पेपर आठवा. प्रश्न दोन ओळींचा: पावसात बसथांब्यावर उभी माणसं, किमान तीन मानवाकृती. वाचता वाचताच छत्र्या दिसायला लागायच्या. कोण पुढे, कोण पाठमोरं, हे पेन्सिल उचलायच्या आधी ठरलेलं असायचं. कार्लिअर यांचं काम ऐकताना नेमकं तेच होतं. ऐकणारा एकेक कड मनात ओढत जातो.

चारकोल:
पण श्रेणी मिळायची ती कागद भरणाऱ्याला. प्रश्न काढणाऱ्याला नाही.

टेम्सकाठ:
मी या स्पर्धेची प्रदर्शनं पाहिली आहेत. तिथे परीक्षक फोटो बघून नाही, मूळ काम समोर ठेवून निवड करतात. त्याला कारण आहे. पेन्सिलीच्या ग्राफाइटवर तिरका उजेड पडला की तो धातूसारखा चमकतो, खोडलेल्या जागी कागदाचे तंतू उठून दिसतात, कुठे हात अडखळला ते कळतं. फोटोत यातलं काही उतरत नाही. ध्वनिमुद्रण फोनवरही तेच. मग मूळ काम पाहण्याचा आग्रह कशासाठी धरायचा?

रेघ:
मूळ प्रत टिकलीच पाहिजे असं का? रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते. म्हणून ती रेखाटन नाही असं आपण म्हणत नाही.

फळा_खडू:
मी शाळेत चित्रकला शिकवते. वस्तुचित्राच्या तासाला मुलं तांब्याचं तोंड लंबगोल काढतात आणि तळ मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ. कितीदा सांगा, तेच. मग मी दोघांना पाठीला पाठ लावून बसवते. एकाच्या हातात तांब्या, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल. पहिल्याने फक्त बोलायचं. ‘गळा आत जातो, मग पोट सुटतं, तळ... थांब, तळ पण वळतोय.’ हे वाक्य मी वर्गात प्रत्यक्ष ऐकलंय. तो मुलगा पुन्हा सरळ तळ काढत नाही. त्या क्षणी त्याने रेखाटन केलं, हात न लावता. त्यामुळे परीक्षकांनी योग्य काम निवडलं असं माझं ठाम मत आहे.

चारकोल:
रेघ, रांगोळी पुसली तरी चिमटीतून सुटलेली रेघ मी डोळ्यांनी पाहिलेली असते. तिथे मी हटणार नाही. ताई, तुमच्या मुलाने तळ पाहिला हे मान्य. पण तो कागदावर उतरला दुसऱ्याच्या हातून, आणि बक्षीस मी त्यालाच देईन. उद्या मुलीबरोबर हा प्रयोग करणार आहे. बोलायचं काम माझं.