सल्ला हवा: पार्किंग रस्त्याच्या एका बाजूला, वॉटर पार्कचं गेट दुसऱ्या बाजूला. आखणी कशी करावी?

निंबाचा_मळा
नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या उत्तरेला, महामार्गापासून दीड किलोमीटर आत, वॉटर पार्क, लहान मुलांच्या राइड्स आणि मुक्कामाच्या खोल्या असं रिसॉर्ट उभं राहतंय. आतलं काम मार्गी लागलंय, अडलंय ते बाहेर. फाट्यावरून येताना डाव्या हाताला ६० गुंठे पार्किंगसाठी ठेवलेत आणि गेट समोर, उजव्या हाताला आहे. मधून जिल्हा मार्ग जातो, डांबर सात मीटर. गेटशेजारी लग्नाच्या लॉनसाठी २० गुंठे मोकळे सोडलेत. मे महिन्यातल्या रविवारी १५०० माणसं धरली आहेत. जमीन काळी. ६० गुंठ्यांत भागेल का, खाली काय टाकावं आणि माणसांनी रस्ता कसा ओलांडावा? पादचारी पूल बांधा असंही काही जण सांगतायत.

टेप_आणि_फक्की
आधी हिशेब मांडू. १५०० पैकी ६० टक्के चारचाकीनं, २५ टक्के दुचाकीनं आणि उरलेले बसनं येतील असं धरा. गाडीमागे साडेचार माणसं म्हणजे २०० गाड्या. दुचाकीवर दोघं, म्हणजे १९० दुचाक्या. ४५ जणांच्या पाच बस.

चारचाकीचा खण २.५ बाय ५ मीटर, पण गाडीला आत शिरायला, वळायला आणि मागे घ्यायला जागा लागते. ती धरली की गाडीमागे २५ चौरस मीटर जातात. २०० गाड्यांचे ५०००, दुचाकीमागे ३ प्रमाणे ५७० आणि बसमागे १०० प्रमाणे ५००. बेरीज ६०७०. तुमचे ६० गुंठेही ६०७० चौरस मीटरच होतात. कागदावर बरोब्बर बसलं, पण यात पायवाट नाही, गटार नाही, एक झाडसुद्धा नाही. म्हणजे जागा कमी पडते आणि कमी पडली की पहिला बळी पायवाटेचा जातो. तिथेच सगळं बिघडतं.

गाड्या काटकोनात लावल्या तर दोन रांगा आणि मधली सहा मीटरची वाट मिळून १६ मीटर रुंदी लागते. ६० अंशांत तिरप्या लावल्या तर मधली वाट साडेचार मीटरवर भागते, ती एकेरी ठेवता येते आणि नवख्या माणसालाही एका फटक्यात गाडी लावता येते. मात्र रांगेच्या लांबीत गाडीमागे अडीचऐवजी जवळजवळ २.९ मीटर जातात, म्हणून त्याच जागेत गाड्या कमी बसतात. जागेची तंगी पाहता काटकोनच घ्या.

रांगा कुठल्याही कोनात असोत, त्यांचं तोंड रस्ता ओलांडायच्या जागेकडे हवं. रांगा आडव्या पडल्या की माणसं प्रत्येक रांगेत गाड्यांच्या फटीतून घुसतात. मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला डिकीमागचं चार वर्षांचं पोर दिसत नाही.

रोडवाला_कराड
वरचा हिशेब पटला. माझा मुद्दा रस्त्याचा.

सात मीटर डांबर ओलांडायला धडधाकट माणसाला सहा सेकंद पुरतात. आजी, कडेवर पोर आणि हातात ओली पिशवी असेल तर नऊ. ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी नऊ सेकंदांत १५० मीटर कापते. म्हणजे दोन्हीकडून १५० मीटरपर्यंत स्वच्छ दिसलं पाहिजे. तुमच्याकडे रस्त्याकडेला ऊस आहे का, ते आधी बघा. जूनमध्ये दिसणारा रस्ता डिसेंबरात दिसत नाही, ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत येतात आणि नेमका तेव्हाच गळीत हंगाम जोरात असतो. दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर ब्रेक दाबला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. आखणी मे महिन्याची गर्दी बघून करू नका, सहलीचा दिवस बघून करा.

ओलांडायची जागा एकच ठेवा. रस्त्याच्या पातळीवर पट्टे मारून भागणार नाही, १० सेंटिमीटर उंचीचा सपाट माथ्याचा उंचवटा करा आणि पट्टे त्याच्या माथ्यावर मारा. माथा तीन मीटर तरी रुंद हवा, दोन्ही बाजूंना सौम्य उतार. गाडीचा वेग आपोआप पडतो आणि व्हीलचेअरलाही उतरून चढावं लागत नाही. मात्र सार्वजनिक रस्त्यावर तुम्ही स्वतः काही बांधायचं नाही. प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे अर्ज करा, इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. अर्जासोबत नकाशा, दोन्ही बाजूंचे फोटो आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडा.

आत जायचं तोंड फाट्याच्या बाजूला ठेवा आणि बाहेर पडायचं पुढे. उलटं केलंत तर संध्याकाळी फाट्याकडे जायला उजवीकडे वळणाऱ्या गाड्या आत येणाऱ्यांच्या आडव्या येतील. ओलांडायची जागा या दोन तोंडांच्या मध्ये आणि दोन्हींपासून ३० मीटर तरी लांब.

निंबाचा_मळा
दोघांचेही आभार. ऊस दोन्ही बाजूंना आहे, शेतकरी ओळखीचेच आहेत. मग पुलाचं काय?

रोडवाला_कराड
पूल सोडून द्या. खालून उसाची ट्रॉली आणि ट्रक जायला साडेपाच मीटर मोकळे ठेवावे लागतात, म्हणजे चालायची पातळी सहा मीटरवर जाते. १५ सेंटिमीटरच्या पायरीनं ४० पायऱ्या चढायच्या, तेवढ्याच उतरायच्या. सात मीटरचा रस्ता समोर दिसत असताना पोहून दमलेलं कुटुंब ४० पायऱ्या चढत नाही, खालूनच पळतं. उतार करायचा म्हटला तर १२ ला १ या प्रमाणात प्रत्येक बाजूला ७२ मीटर, शिवाय मधले विसाव्याचे टप्पे. तो पैसा उंचवटा, दिवे आणि पायवाटेवर घाला.

वडाप_थांबा
सगळे गाड्यांचंच बोलतायत. लॉनच्या त्या २० गुंठ्यांकडे बघा की!

बस आणि दुचाक्या गेटच्या बाजूला घ्या. वरच्याच हिशेबानं त्यांना १०७० चौरस मीटर लागतात, म्हणजे साडेदहा-अकरा गुंठे. बसला वळायला जागा सोडली तरी २० गुंठ्यांत आरामात बसतं. असं केलंत तर १५०० पैकी ६०० माणसांना रस्ता ओलांडावाच लागत नाही, आणि त्यात सहलीची सगळी पोरं आली. एक मास्तर आणि ४५ पोरं अशी ओळ चालत्या रस्त्यावरून न्यायची वेळ कुणावर आणू नये. पलीकडे ६० गुंठ्यांत नुसत्या चारचाक्या उरतात, ५००० चौरस मीटर. वरच्या हजारात पायवाटा, गटार आणि झाडं. तुमचा पहिला प्रश्नही सुटला.

बसच्या जागेबद्दल नीट लक्ष द्या. सहलीची एसटी बारा मीटरच्या आसपास लांब असते आणि तिला रिव्हर्स न मारता पूर्ण फिरायला २६ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. रिव्हर्सची गरजच पडू नये अशी फेरी आखा, एका तोंडानं आत आणि दुसऱ्यानं बाहेर. दरवाजा डाव्या अंगाला असतो, म्हणून गेट डाव्या हाताला येईल अशाच दिशेनं बस फिरवा. दिशा चुकली की पोरं बसच्या मागच्या बाजूनं वळसा घालून गेटकडे धावतात. उतरायचा ओटा १५ सेंटिमीटर उंच, बसच्या लांबीइतका आणि तीन मीटर रुंद ठेवा, म्हणजे पोरांना तिथेच रांगेत उभं करून मोजता येईल. ड्रायव्हर-कंडक्टरसाठी सावली, पाणी आणि स्वच्छतागृह शेजारीच द्या, नाहीतर ते बस रस्त्याकडेच्या झाडाखाली नेऊन लावणार आणि तुमची १५० मीटरची नजर तिथंच अडली.

फाट्यावरून वडापनं येणारेही असतातच. त्यांची गाडी गेटसमोर रस्त्यात थांबते. डांबराच्या बाहेर अडीच मीटर रुंद, १५ मीटर लांब कप्पा काढून द्या, ओलांडायच्या जागेच्या पुढे. अलीकडे काढलात तर थांबलेल्या वडापच्या आडून माणूस एकदम गाडीपुढे येतो.

उतारपायरी
दिव्यांगांसाठीचे खण पलीकडच्या पार्किंगमध्ये ठेवू नका. तेही लॉनच्या बाजूला, गेटपासून ३० मीटरच्या आत घ्या. खण ३.६ मीटर रुंद हवा, म्हणजे दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावता येते. जमिनीचा उतार ५० ला १ पेक्षा जास्त नको, खुर्ची आपोआप घरंगळते. १५ सेंटिमीटरच्या ओट्याला १२ ला १ नं १.८ मीटरचा उतार लागतो. मिस्त्री लोक ६० सेंटिमीटरमध्ये उरकतात, तेव्हा टेप लावून बघा. गेटला फिरता खांब बसवणार असाल तर शेजारी ९० सेंटिमीटरचं साधं दार ठेवा, बाबागाडीवाल्या आईलाही तेच लागतं. पायवाटेवर गटाराची जाळी आली तर फट १२ मिलिमीटरपेक्षा कमी आणि चालण्याच्या दिशेला आडवी, नाहीतर पुढचं चाक अडकतं.

हौसेनं कमान बांधणार असाल तर रुंदी सहा मीटर आणि खालून मोकळी उंची पाच मीटरपेक्षा जास्त ठेवा. अग्निशमनाचा बंब कमानीखाली अडला तर सगळंच संपलं.

टेप_आणि_फक्की
वडाप_थांबा यांची सूचना या धाग्यातली सगळ्यात मोलाची. नकाशा तिच्यावरच उभा करा.

आता तिकिटाच्या टपरीचं. पार्किंगचे पैसे तोंडावर घेतले तर सुट्टे देण्यात गाडीमागे ३० सेकंद जातात, म्हणजे पाव तासात ३० गाड्या. सकाळी दहाच्या सुमाराला पाव तासात ४० आल्या तर दहा गाड्या रांगेत उभ्या. साडेसहा मीटर प्रमाणे ६५ मीटरची रांग, आणि टपरी तोंडावर असेल तर ती अख्खी जिल्हा मार्गावर. टपरी ७० ते ८० मीटर आत सरकवा. त्याहून बरं म्हणजे पार्किंगचे पैसे प्रवेश तिकिटातच धरा आणि टपरी रद्द करा.

मुरूम_दबाई
काळ्या मातीवर थेट पेव्हर टाकलेत तर पहिल्याच पावसाळ्यात फरशी लाटेसारखी होते, कारण माती भिजून फुगते आणि सुकून भेगाळते. ४५ ते ६० सेंटिमीटर काळी काढा, खाली लागला तर कठीण मुरमापर्यंत जा. भराव चांगल्या मुरमाचा, १५ सेंटिमीटरच्या थरानं, प्रत्येक थर पाणी मारून आठ-दहा टनी रोलरनं दाबायचा. एकदम दोन फूट भरून वरून रोलर फिरवला तर वरचं घट्ट आणि खालचं भुसभुशीत राहतं. नंतर खडीचा थर, ३ सेंटिमीटर कच आणि ८० मिलिमीटर जाडीचा, एम-४० ताकदीचा पेव्हर. ६० मिलिमीटरचा स्वस्त पडतो, पण तो फक्त पायवाटेला. कडेला काँक्रीटचा कर्ब घट्ट बसवा, नाहीतर कडेचे ब्लॉक सरकतात आणि मागोमाग सगळे सुटतात. उतार ६० ला १.

बजेट कमी असेल तर चारचाकींच्या खणात दाबलेला मुरूम चालेल, पण गाड्यांच्या वाटा आणि पायवाटा पक्क्याच करा. दुचाक्यांखाली मुरूम नको, डांबरही नको. मुरमात स्टँड रुततं आणि मे महिन्यात डांबर मऊ होऊन एक गाडी पडली की अख्खी रांग आडवी होते.

कृष्णाकाठ_सांगली
इतरांनी पायाखालचं सांगितलं, पण वॉटर पार्कमधून येणाऱ्याचे पाय ओले असतात आणि कित्येकदा अनवाणी. पायवाटेला गुळगुळीत टाइल किंवा पॉलिश केलेली फरशी अजिबात नको, खरबरीत फिकट रंगाचा ब्लॉक घ्या. गडद ब्लॉक एप्रिलच्या दुपारी चटके देतो आणि माणसं वाट सोडून गवतावरून किंवा गाड्यांमधून चालतात.

पायवाट मोकळी १.८ मीटर उरली पाहिजे. गाडीचं नाक चाकाच्या पुढे ६०-७० सेंटिमीटर येतं, म्हणून कर्बच्या अलीकडे तेवढ्या अंतरावर चाक अडवणारा ठोकळा लावा. तो नसेल तर दोन मीटरच्या वाटेतला सव्वा मीटरच हाती राहतो.

झाडं दर चार गाड्यांमागे एक, करंज किंवा कडुनिंब. खड्डा एक मीटर घनाचा, भोवती पाणी मुरायला मोकळी माती. गुलमोहर नको, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. जांभूळही नको, जूनमध्ये प्रत्येक गाडी जांभळी होते.

सज्जनगड_पायथा
रांगांना नुसते ए, बी, सी देऊ नका. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्किंगमध्ये पात्रांची नावं आहेत, कारण दमलेल्या माणसाला अक्षर आठवत नाही, नाव आणि चित्र आठवतं. आपल्याकडे किल्ले आहेत. अजिंक्यतारा, वैराटगड, पांडवगड, प्रतापगड. पाटीची खालची कड २.२ मीटरवर, म्हणजे उभ्या गाड्यांच्या वरून दिसते. चित्र हवंच, लहान मुलांच्या लक्षात राहतं.

निंबाचा_मळा
लॉन सोडायचा निर्णय घेतला, बस आणि दुचाक्या तिकडेच. ओलांडायच्या जागी रखवालदार ठेवला तर गाड्या थांबवू शकतो का?

रोडवाला_कराड
खासगी रखवालदाराला सार्वजनिक रस्त्यावरची वाहतूक अडवायचा अधिकार नाही. त्यानं माणसं थांबवायची. दोन्ही बाजूंना कठडा घालून १५-२० जण साठू द्यायचे, रस्ता मोकळा दिसला की एकत्र सोडायचे. चमकणारं जाकीट आणि शिट्टी द्या. सलग सुट्ट्यांच्या दिवशी पोलीस ठाण्याला आठवडाभर आधी पत्र देऊन बंदोबस्त मागा. ओलांडायच्या जागेवरचा दिवा जनरेटरच्या लाइनवर घ्या. लोक निघायच्या वेळी अंधार पडत असतो आणि वीज जायची वेळही बरेचदा तीच. उसाबाबत शेजाऱ्यांशी आत्ताच बोला, बांधापासून चार-पाच सरी भुईमूग किंवा घेवडा लावायचा आणि होणारं नुकसान तुम्ही भरून द्यायचं, असं लेखी ठरवून घ्या.

टेप_आणि_फक्की
पेव्हरची ऑर्डर देण्याआधी संपूर्ण आखणी जमिनीवर फक्कीनं मारा. एक एसटीच्या लांबीची बस भाड्यानं आणून फेरी मारायला लावा आणि मागचं आतलं चाक कुठून जातं ते बघा. ते पुढच्या चाकापेक्षा बरंच आत कापतं, कर्बचे कोपरे तिथेच फुटतात. कोपऱ्याची गोलाई त्या खुणेवरून ठरवा. काळी काढायचं काम वळवाच्या आधी संपवा, भिजल्यावर त्यात जेसीबीसुद्धा रुतून बसतो.