क्रूझला पहिल्यांदा जाताना : आपापले अनुभव लिहा

पारिजात_ठाणे

आत्याला पंचाहत्तरीनिमित्त मुलांनी मुंबई-गोवा क्रूझचं तिकीट काढून दिलंय. काल रात्री तिचा फोन. पहिलाच प्रश्न, "वळकटी घेवची लागतली काय गो?"

आम्ही सगळे हसलो, पण तिच्या जागी तिचं बरोबर आहे. तिने बोट बघितलीय ती भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्याला जाणारी. जो आधी धावत जाऊन डेकवर सतरंजी पसरेल त्याची जागा. वेंगुर्ल्याला बोट लांबच उभी राहायची, मग हलत्या पडावात उतरायचं, पोरं वरून खलाशांच्या हातात द्यायची. तिच्याशी बोलता बोलता मला आमची सिंगापूरची क्रूझ आठवली. आईबाबांना घेऊन गेलो होतो. झुंबरं, नाचगाणी सगळे दाखवतात. पण बॅग दुपारी टर्मिनलवरच काढून घेतात आणि केबिनच्या दाराशी यायला तिला संध्याकाळ होते, हे कोणी सांगत नाही. बाबांच्या बीपीच्या गोळ्या आईने सवयीने पर्समध्ये ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. मुलांचे पोहण्याचे कपडे मोठ्या बॅगेत, त्यामुळे ती पूलच्या काठावर जीन्स घालून भांडत बसली.

आणि हो, मलेशियातल्या पेनांगला जाऊन परत सिंगापूरलाच यायचं म्हणजे सिंगापुरात दोनदा प्रवेश. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना ते बघून घ्या.

तर लिहा पटापट. ब्रोशर आत्याला पाठ झालंय, बाकीचं सांगा. वाचून दाखवणार आहे.

काजूबोंडू

वळकटी!! आत्याला साष्टांग. फिरकीचा तांब्या पण घे म्हणावं

उचकी

मोबाईल. मोबाईल. मोबाईल. जहाज सुटायच्या आधी एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फाय लागलं तर तेवढंच चालू करा. जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं, उपग्रहावरून चालणारं, आणि आपण घेतलेल्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा नसतं. दिराने रात्री व्हॉट्सॲपवर सूर्यास्ताचे व्हिडिओ पाठवले. बिल आल्यावर जाऊबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. कुकर झाला, नंतर येते.

सदूभाऊ

शनिवार-रविवारची मुंबई-गोवा आहे का? मग आत्याबाईंना कल्पना द्या. डीजे रात्री उशिरापर्यंत. पूलभोवती खुर्ची मिळेल तर शपथ. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल ओलांडले की कॅसिनो उघडतो, मग अर्धी गर्दी तिकडे पळते आणि डेकवर जरा शांतता मिळते. तेव्हा जा वर. पहाटे तर कोणीच नसतं. मी पाचला उठून गेलो होतो, अख्ख्या डेकवर मी आणि फरशी पुसणारा.

आमच्या वेळी जेवणाला एवढी रांग की मुंजीची पंगत बरी. बुफे उघडतानाच जाऊ नका, अर्धा तास थांबून जा.

दर्यावर्दी_गुहागर

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं म्हणून लिहितो. पहिल्या दिवशी सेफ्टी ड्रिल असते. लोक ती बुडवायला बघतात, "आम्ही चहा पितोय" म्हणून सांगतात. करू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा. तो झाला की आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं. स्टेशनचा नंबर केबिनच्या कार्डावर किंवा दारामागे असतो. केबिनपासून तिथपर्यंत जिन्याने एकदा चालून बघा, लिफ्टने नव्हे.

१३ जानेवारी २०१२ ला इटलीत जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडली. ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्यांची ड्रिल झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती २४ तासांत घेतली तरी चालायची. नियम नंतर बदलला. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावीच लागते. काही जहाजांवर व्हिडिओ फोनवर बघायचा आणि स्टेशनला जाऊन हजेरी लावायची, एवढंच असतं. तेवढंही लोकांना जड जातं.

पारिजात_ठाणे

काका, हे आत्याला नक्की सांगते. ड्रिलला ती सगळ्यात आधी हजर असेल, कारण त्यांच्या घरात पावसाळ्यात बोटीचं नावही काढायची सोय नव्हती. रामदास बोट. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला जाताना काश्याच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं. तिचे आजोबा ते सांगायला लागले की बायका पदर तोंडाला लावायच्या म्हणे.

दर्यावर्दी_गुहागर

आमच्याकडेही तेच. कोकणची बोट पावसाळ्यात बंदच असायची. आजही जून ते सप्टेंबर मुंबईहून क्रूझ सहसा सुटत नाही. बुकिंग ऑक्टोबरनंतरचं आहे ना? मग काळजी नको. हिवाळ्यात समुद्र तळ्यासारखा असतो.

डॉ_मंजिरी

घाईत लिहितेय, ओपीडी चालू व्हायचीय. बोट लागण्याबद्दल. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. अगदी पुढची आणि वरची बाल्कनीवाली केबिन महाग असते आणि हलतेही जास्त. मळमळायला लागल्यावर गोळी घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. एव्होमिनने झोप येते, म्हातारी माणसं धडपडतात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. डोळे क्षितिजावर, पोट अगदी रिकामं नको, आलेपाक खिशात.

दुसरं, हात साबणाने धुवा. जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पसरते ती बऱ्याचदा नोरोव्हायरसची, आणि त्याला सॅनिटायझर पुरत नाही. परदेशी क्रूझ असेल तर प्रवास विमा घ्याच. जहाजावरच्या दवाखान्यात पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात.

चिमणराव_पुणेकर

आलेपाक कुठला चांगला? माथेरानवरून आणायचो तो आता पूर्वीसारखा नाही राहिला.

काजूबोंडू

महाबळेश्वरचा बघा. पण इथे क्रूझचं चाललंय हो काका

टेक्सासची_माई

आम्ही टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनवरून मेक्सिकोतल्या कोझुमेलला गेलो होतो. इकडच्या मंडळींसाठी : पासपोर्टमधला एच वनचा (नोकरीच्या व्हिसाचा) शिक्का संपला असेल आणि आय-९४ (अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद) चालू असेल तर ३० दिवसांच्या आत मेक्सिको किंवा कॅनडाला जाऊन परत येता येतं. पण बहामा किंवा इतर बेटं लागत असतील तर ही सवलत एच वनवाल्यांना नाही, ती एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना. क्रूझमध्ये एकाच फेरीत मेक्सिको आणि बेटं दोन्ही असू शकतात. पैसे भरायच्या आधी वकिलाला विचारा. माझ्या भाच्याने सगळी तयारी करून शेवटच्या आठवड्यात बुकिंग रद्द केलं. सुनेने नऊवारी शिवून घेतली होती फॉर्मल नाइटसाठी!

सिॲटलकर

माई +१. अलास्कालाही हेच बघा. सिॲटलहून निघणारी बोट व्हिक्टोरियाला किंवा दुसऱ्या एखाद्या कॅनडाच्या बंदरात टेकतेच. १८८६ चा कायदा आहे अमेरिकेत, परदेशी निशाणाच्या जहाजाला परदेशी बंदर न घेता फक्त अमेरिकेतल्या बंदरांत माणसं फिरवता येत नाहीत. म्हणजे भारतीय पासपोर्टवर कॅनडाच्या व्हिसाचा प्रश्न आलाच. आमच्याबरोबर आईबाबा होते, त्यांचा व्हिसा काढण्यात अर्धा उन्हाळा गेला. पण ग्लेशियर बे बघून बाबा तासभर काही बोलले नाहीत. घरी असं कधी होत नाही.

उचकी

आले परत. बंदरांच्या नावावर जाऊ नका!! "रोम" लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिवितावेक्कियाला, तिथून रोम आगगाडीने तासभर तरी. "फ्लोरेन्स" म्हणजे लिव्होर्नो. "पॅरिस" म्हणजे ल हाव्र. "बँकॉक" म्हणजे लेम चाबांग. आम्ही रोमला आपले आपण गेलो, परतीची गाडी रखडली, आणि धक्क्यावर मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई असे धावत होतो. सासूबाई सगळ्यात पुढे. वरून लोक टाळ्या वाजवत होते मेले. जहाजाने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपण स्वतः गेलो तर थांबत नाही. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फोन गावाच्या वेळेवर आपोआप जातो, तिथे घोळ होतो.

सदूभाऊ

"गोवा" म्हणजे मुरगाव हेही सांगा आत्याबाईंना. जुनी बोट थेट पणजीला लागायची.

पारिजात_ठाणे

अरे देवा. ती पणजीच्या धक्क्यावर मावसबहिणीला बोलावून बसलीय!

मिरचीठेचा

सर्व्हिस चार्ज. माणशी दर रात्रीचा, आपोआप खात्यात. पोरांचा पण लावतात. तिकिटात धरलाय का ते आधी विचारायचं. पाण्याची बाटली, कॉफी, फोटो, सगळं कार्डावर टॅप टॅप करत जायचं आणि शेवटच्या दिवशी डोळे पांढरे. रोज रात्री रिसेप्शनला जाऊन हिशोब बघत होतो मी, बायको लाजत होती.

काजूबोंडू

पण कामगार लोक फार राबतात हो. आमची केबिन आवरणारा मुलगा कुडाळचा निघाला. टॉवेलचं माकड करून हँगरला लटकवून जायचा. मालवणीत बोलल्यावर दारातच उभा राहिला आणि विचारलं काय, तर "यंदा हापूस काय भावान गेलो?" सात महिने घर बघितलं नव्हतं त्याने. त्याला मी डब्यातले बेसनाचे लाडू दिले. खरं तर घरचं खाणं न्यायला बंदी असते पण स्कॅनरवाल्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

शेवंती_नाशिक

किटली नेऊ नका. इस्त्री पण नाही. आगीच्या भीतीने दोन्ही काढून घेतात आणि उतरताना परत देतात. आमच्या ग्रुपमध्ये किती जणींच्या किटल्या गेल्या, एका टेबलावर नुसत्या किटल्यांची रांग. पहाटेच्या चहाची फार पंचाईत होते, बुफेत कोमट पाणी आणि पिशवी. मी दूध पावडर, साखर, चहाचा मसाला नेला होता, वेटरला उकळतं पाणी मागायचं, देतात. लोहचुंबकाचे हूक न्या, केबिनच्या भिंती लोखंडी असतात, ओले कपडे, टोप्या अडकवायला मस्त.

चिमणराव_पुणेकर

जैन जेवण मिळतं का? आमच्या सौ. कांदा-लसूण खात नाहीत.

शेवंती_नाशिक

आशियातल्या आणि मुंबईच्या क्रूझवर मिळतं, बुकिंग करतानाच लिहून द्यायचं. युरोपातल्या बोटीवर आम्ही तीन वेळा पास्ता खाल्ला. मेतकुटाने तारलं, भातावर घालून. वासाने शेजारचे जर्मन आजोबा विचारायला आले, त्यांनाही वाढलं.

सदूभाऊ

मेतकूट घरी करता का विकतचं? विकतच्यात हिंग नावालाच असतो.

शेवंती_नाशिक

घरचं. गहू, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ वेगवेगळं भाजायचं, मेथी अगदी थोडी. प्रमाण आईला विचारून उद्या लिहिते, ती आत्ता मालिका बघतेय.

मिरचीठेचा

लवकर लिहा, डाळी भिजत घालू का?

शेवंती_नाशिक

अहो भिजवायच्या नाहीत, भाजायच्या!