मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळांना इजा न करता डुबकी कशी घ्यावी?

प्रश्न (दादर)
नमस्कार. येत्या जानेवारीत मी सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा डायव्हिंगसाठी जाणार आहे. मागच्या खेपेस मासे जमावेत म्हणून मार्गदर्शकाने पाण्यात पाव कुस्करला आणि छायाचित्रासाठी मला एका खडकावर उभे केले. तो खडक नसून जिवंत प्रवाळ होता, हे पुढे कळले तेव्हा मी फार अस्वस्थ झाले. या वेळी आधी काय विचारून घ्यावे? आम्हा दोघींनाही पोहता येत नाही.

उत्तर १ (परळ, मूळ मालवण)
ताई, किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या आणि पद्मगडाच्या भोवतालचा समुद्र म्हणजे १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा गाभा होय. तेथील पोराइट्ससारखे गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. टोपलीएवढा गोळा दिसला, तर तो तुमच्या मुलीहूनही वयाने मोठा असू शकतो. त्यातला जिवंत भाग म्हणजे वरचा अगदी पातळ थर, आणि पाय ठेवला की चिरडला जातो तो नेमका हाच. पावाचेही तसेच आहे: पट्टेरी मासे झुंडीने येतात खरे, परंतु शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळे ठेवणारे मासे अशा आयत्या अन्नाला सोकावले, तर प्रवाळांवर शेवाळ माजते. म्हणून ‘मासे बोलावून दाखवतो’ असे सांगणाऱ्याकडे जाऊच नये.

उत्तर २ (मुलुंड)
पोहता येत नसले तरी प्रशिक्षकाने धरून नेलेली उथळ डुबकी घेता येते. खाली जाताना कानांवर दाब जाणवू लागताच, दुखण्याची वाट न पाहता, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घालावी आणि वर येताना श्वास मुळीच रोखू नये, कारण दाब कमी होताच फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते. एका प्रशिक्षकाकडे किती जण असतील, हे अवश्य विचारा. तो एकाच वेळी दोघींना नेणार असेल, तर मी तरी नकार देईन. परतीचा प्रवास विमानाने असेल, तर मध्ये पुरा एक दिवस ठेवावा.

उत्तर ३ (वरळी)
प्रवाळ पाहण्यासाठी मालवणपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. हाजी अली आणि वरळीच्या खडकाळ किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामामुळे २०२० मध्ये त्यांतील काही वसाहती उचलून अन्यत्र लावाव्या लागल्या. मोठ्या ओहोटीला मुलीला तेथे घेऊन जा, म्हणजे प्रवाळ आणि खडक यांतील फरक तिला आधीच ओळखू येईल.

उत्तर १ (पुन्हा)
एक राहिले. होडी बोयाला (पाण्यावर कायम तरंगत ठेवलेल्या खुणेला) बांधतात की नांगर टाकतात, हेही विचारा. शंभर पर्यटकांच्या पायांनी होणार नाही एवढे नुकसान प्रवाळांवरून फरफटत गेलेला एक नांगर करतो.