दिवाळीच्या सुट्टीत पोरांसाठी उत्खननाचा खेळ करायचाय, कसा करू? (सातारा)

गोडोलीची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा सहावीत आहे, हडप्पाचा धडा झाला आणि तेव्हापासून तिला पुरातत्त्वाचं वेडच लागलंय. अंगणात खुरपं घेऊन बसते, कौलाचा तुकडा सापडला तरी धुऊन खोक्यात ठेवते. मला हे मनापासून आवडतंय म्हणून विचारतेय. ऑनलाइन एक किट मागवलं होतं, प्लास्टरच्या ठोकळ्यात डायनासोरची हाडं, हातोडीनं ठोकलं की झालं. तीच म्हणाली, आई यात शोधायचं काय होतं?

तर भाऊबीज झाली की कॉलनीतली आठ-दहा पोरं जमवून खरोखरच्या उत्खननासारखं काहीतरी करावं म्हणते. किल्ल्यांची माती तशी पडूनच असते, ती चालेल का? धाकटा बालवाडीत आहे, त्यालाही काहीतरी काम द्यावं लागेल नाहीतर तो सगळं उधळून लावेल. आणि साताऱ्याच्या आसपास पोरांना नेऊन दाखवण्यासारखं काय आहे? अजिंक्यताऱ्यावर खापरं वेचायला नेलं तर चालेल का?

कराडचा_खापरवाला

ताई, किल्ल्याची माती एकदम बेस्ट. मी डेक्कन कॉलेजला पुरातत्त्व शिकलोय, आता शाळेत शिकवतो, दर दिवाळीत हा उद्योग असतोच आमचा.

पहिलं म्हणजे डायनासोर बाजूला ठेवा, ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपले, तेव्हा माणूस नव्हता. पुरातत्त्व म्हणजे माणसानं मागं ठेवलेलं सगळं, चूल, खापर, मणी, कचरासुद्धा.

विटा लावून मीटरभर लांबरुंद वाफा करा. तळाला मुरूम, त्यावर काळी माती, मग राखेचा पातळ थर, सगळ्यात वर किल्ल्याची लाल माती. प्रत्येक थर पाणी शिंपडून दाबून घ्या नाहीतर सगळं मिसळतं. खालच्या थरात गारगोट्या, मधे कुंभाराकडची दोन-तीन बोळकी फोडून, आणि राखेत तीन दगडांची चूल मांडून थोडे जळके जोंधळ्याचे दाणे. वरच्या थरात एखादं रुपयाचं नाणं ठेवा ज्यावर साल नीट वाचता येतं. समजा नाण्यावर २०१० आहे, तर तो थर २०१० च्या आधीचा असूच शकत नाही, हे पोरांना स्वतःहून सुचलं पाहिजे, तुम्ही सांगू नका. तो क्षण बघण्यासारखा असतो!

चार खिळे आणि सुतळीनं वाफ्याचे चौकोन पाडा, अ१, अ२, ब१, ब२. दोघा-दोघांना एक चौकोन. खुरपं नको, गवंड्याची छोटी थापी आणि रंगाचा ब्रश, आणि खाली खणत जायचं नाही, सगळीकडून सारखं खरवडत थर उतरवायचा. आणि यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम, वस्तू दिसली की उचलायची नाही. आधी वहीत लिहायचं, कुठला चौकोन, कुठला थर, किती खोल, शेजारी काय होतं, पट्टी ठेवून फोटो काढायचा, मगच उचलायची. पोरांना हेच जड जातं पण सगळं शास्त्र इथंच आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला घरांच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली सापडली, आत लहान मुलांची हाडं. त्या काळी लेकरू गेलं तर त्याला घरातच पुरायचे हे कळलं ते मडकं कुठं आणि कसं पडलं होतं त्यावरून, कुणी नुसती मडकी काढून कपाटात मांडली असती तर काहीच कळलं नसतं.

कृष्णाकाठ_सांगली

वरच्या दादांनी भारी सांगितलंय. आमच्याकडं सांगलीत पोरांना थर समजवायला फार बोलावं लागत नाही, २०१९ चा पूर घरात आलेला, गाळ किती बसतो ते सगळ्यांनी डोळ्यानं बघितलंय. आम्ही वाफ्यात मधे नदीचा गाळ टाकला, पोरं लगेच म्हणाली हा पूर आला होता, म्हणजे याच्या खालचं सगळं पुराच्या आधीचं.

अजून एक करा. पुठ्ठ्यावर कंपासनं एकात एक गोल काढा, सेंटीमीटर-सेंटीमीटरच्या अंतरानं, प्रत्येकावर त्रिज्या लिहा. मग मडक्याच्या काठाचा तुकडा घ्यायचा, पालथा ठेवायचा आणि कुठल्या गोलावर त्याची कड बरोब्बर बसते ते बघायचं. बोटभर तुकड्यावरून अख्ख्या मडक्याचं तोंड केवढं होतं ते कळतं, आमची पोरगी तासभर हलली नाही. खरे पुरातत्त्ववालेही असंच करतात म्हणे.

आणि जमलं तर कोल्हापूरला टाऊन हॉल म्युझियमला जा, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे तिथं, ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी कसा पोचला ह्यावर येताना गाडीत जे काही तर्क चालतात!

वाईकर७

ताई, अजिंक्यताऱ्यावरनं खापरं उचलू नका प्लीज. किल्ल्यावर दगड-खापर आहे तिथंच राहू दे, पोरांना बघू दे, फोटो काढू दे. जुन्या स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यानं संरक्षित ठिकाणी परवान्याशिवाय खोदता येत नाही आणि १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जुनं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. पोरांना हे आत्ताच सांगितलेलं बरं.

बघायला म्हणाल तर लिंबची बारा मोटेची विहीर, शिलालेख आहे, शके १६४१ ते १६४६ मधलं बांधकाम. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे गणित पोरांकडून तिथंच करून घ्या आणि मोटा (बैलांनी पाणी ओढायच्या चामडी पिशव्या) लावायच्या जागा मोजायला लावा, बारा नाहीत, पंधरा आहेत!

मग किकलीचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीत कोरलेले दगड. वीरगळ खालून वर वाचायचा, खाली लढाई, मग अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, डोक्यावर चंद्र-सूर्य. पोरांना नुसतं विचारा गोष्ट काय आहे. दगड झिजला असेल तर मोबाईलचा टॉर्च बाजूनं तिरका धरा, सावली पडली की कोरीव काम उठून दिसतं. खडू, तेल, पाणी काही लावू नका.

गोडोलीची_आई

बाप रे, केवढं दिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. पुठ्ठ्याचे गोल तर आजच करते. धाकट्याचं राहिलं तेवढं सांगा, पाच वर्षांचा आहे, वही-बिही त्याला जमणार नाही.

कराडचा_खापरवाला

त्याला चाळण द्या ताई. उकरलेली सगळी माती त्याच्याकडं, चाळणीत टाकून हलवायची आणि राहिलेलं निवडायचं. मातीत थोडे मोठे मणी मुद्दाम टाकून ठेवा, मोठ्यांच्या नजरेतून सुटतात आणि ह्याला मिळतात. फक्त तोंडात घालत नाही ना तेवढं बघा. मग पाण्याची बादली आणि जुना टूथब्रश, खापरं धुवायची आणि उन्हात वर्तमानपत्रावर मांडायची, प्रत्येक चौकोनाचं वेगळं. वाळली की जोडायला सगळे बसा, फेव्हिकॉल लावून तुकडा वाळूच्या ताटात उभा रोवायचा म्हणजे वाळेपर्यंत हलत नाही. आणि एकाच बोळक्याचे तुकडे आधीच दोन चौकोनांत वाटून ठेवा, मग दोन गटांना एकमेकांकडं मागायला जावंच लागतं.