वयस्क समलिंगी पुरुषांची पोर्ट्रेट्स: डौलात लावावीत का?

मुक्तछंद:
साठी-सत्तरी ओलांडलेल्या समलिंगी पुरुषांची छायाचित्रं मोठ्या आकारात, नावानिशी लावावीत, असं माझं ठाम मत. इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ साली असे संबंध गुन्ह्यातून वगळले गेले, तेही वय २१ पूर्ण आणि सगळं चार भिंतींआड असेल तरच. स्कॉटलंडला १९८० उजाडलं, जर्मनीचं कलम १७५ पुरतं जायला १९९४. गुन्हा होता तोवर दोघांचा एकत्र फोटो म्हणजे पोलिसांच्या हाती आयता पुरावा. कित्येकांनी पत्रं-फोटो स्वतःच जाळले. मग १९८१ पासून एड्स. औषधांचा खरा गुण यायला १९९६ लागलं. आज कॅमेऱ्यासमोर बसलेल्या आजोबांना तरुणपणी आपल्यासारखा उघडपणे जगणारा म्हातारा क्वचितच बघायला मिळाला असेल.

जुना_रीळ:
इतिहास मान्य, फोटो अमान्य. अशा फोटोंच्या मालिकांत बहुतेक सगळे कडक इस्त्रीत, जोडीदार शेजारी, कुत्रा पायाशी. बायको-मुलांत उभं आयुष्य काढून आता एकटा राहिलेला कुठाय? वर मऊ उजेड आणि सुरकुत्या संगणकावर घासून काढलेल्या. विम्याची जाहिरात वाटते.

मुक्तछंद:
रडके फोटो पुष्कळ झाले की! न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९८८ साली निकोलस निक्सन यांनी काढलेले एड्सग्रस्तांचे फोटो लागले होते, खंगलेले, एकेकटे. अ‍ॅक्ट अप या एड्सग्रस्तांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तिथेच पत्रकं वाटली. आम्ही भांडतोय, प्रेम करतोय, तेही दाखवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

स्पष्टवक्ता:
माणूस म्हातारा आहे, फोटो चांगला आहे, विषय संपला. खाली 'समलिंगी' लिहायचा अट्टाहास कशाला? चेहऱ्यावर काय लिहिलेलं असतं?

मुक्तछंद:
नसतं, म्हणूनच ओळ लागते. एका फोटोत फक्त हात होते. संधिवाताने पेर सुजलेलं, अंगठी त्यात रुतलेली. खाली लिहिलं होतं की जोडीदार अखेरच्या आजारात असताना इस्पितळाच्या कागदावर यांची नोंद 'मित्र' अशी झाली. ओळ काढा, उरतो संधिवात.

सावली:
नावानिशी म्हणताय ते मला खटकतं. छायाचित्रकार सुनील गुप्ता यांनी १९८६-८७ मध्ये दिल्लीतल्या समलिंगी पुरुषांची 'एक्झाइल्स' ही मालिका केली, त्यात बऱ्याच जणांचे चेहरे दिसत नाहीत. कोणी पाठमोरा, कोणाचं डोकं चौकटीबाहेर. तरी फोटो कमजोर नाहीत. सत्तरीत माणूस दुसऱ्याच्या हातचं खातो. उद्या वृद्धाश्रमात जावं लागलं तर शेजारच्या खाटेवरचा कोण असेल, सांगता येत नाही. भिंतीवरचा फोटो महिन्याने उतरतो, इंटरनेटवरचा उतरत नाही. संमतीच्या सहीचा कागद एकदा घेऊन भागत नाही, मागे घ्यायची सोय हवी.

मुक्तछंद:
मागे घ्यायची सोय मान्य. पण आधीच चेहरा झाकायला सांगणं म्हणजे जन्मभर जे केलं तेच म्हातारपणी पुन्हा करायला लावणं.

सावली:
झाका म्हणत नाही हो, विचारा म्हणतेय. दोन्हीत फरक आहे.

जुना_रीळ:
आणि सुरकुत्यांचं?

मुक्तछंद:
त्यांनाच तरणं दिसावंसं वाटलं तर? नटायची हौस काय फक्त तिशीपर्यंतच?

जुना_रीळ:
मग ब्रश त्यांना विचारून चालवा. आत्ता तो फोटोग्राफरच्या मर्जीने चालतो, आणि तो बहुतेक वेळा पस्तिशीचा असतो.