एनडब्ल्यूएसएल सेमीफायनल: मुलींना कोणता सामना दाखवावा, आणि काय बघायला सांगावं?

साखळीची_साइडबॅक
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या महिला फुटबॉल लीगच्या (एनडब्ल्यूएसएल) सेमीफायनल या आठवड्याअखेरीस आहेत. १५ नोव्हेंबर २०२५ ला वॉशिंग्टन स्पिरिट विरुद्ध पोर्टलँड थॉर्न्स, १६ ला ऑर्लँडो प्राइड विरुद्ध गॉथम एफसी. आमच्याकडे सरावाला येणाऱ्या १४ ते १७ वयाच्या मुलींना यातला एक सामना एकत्र बसून दाखवायचा आहे. नुसता टाइमपास नको, त्यातून त्यांनी काही उचलावं अशी इच्छा आहे.

विचारायचं ते असं: आपल्या वेळेनुसार सामने कधी? बरोबरी झाली तर परतीचा सामना असतो का? कॅन्सस सिटी वर्षभर पहिल्या नंबरवर होती, ती कुठे गेली? आणि एकच दाखवायचा तर कोणता? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

डिचोलीचा_दहा_नंबर
ताई, आधी वेळेचं बघू, कारण तिथेच गोंधळ होतो. अमेरिकेत २ नोव्हेंबरला घड्याळं एक तास मागे गेली. त्यामुळे पूर्व किनाऱ्याची वेळ आता आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. ऑक्टोबरपर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा होता. जुन्या हिशेबाने बसलात तर एक तास आधी टीव्ही लावून बसाल. वॉशिंग्टनचा सामना तिथल्या दुपारी १२ ला, म्हणजे आपल्याकडे शनिवारी रात्री १०:३० ला. ऑर्लँडोचा तिथल्या दुपारी ३ ला, म्हणजे आपल्याकडे रविवार उलटून सोमवारी पहाटे १:३० ला. शाळेच्या मुलींना थेट दाखवायचा तर पहिलाच.

परतीचा सामना नाही. सगळे प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची बाद फेरी, एकाच सामन्याचे. ९० मिनिटांत बरोबरी राहिली की १५-१५ मिनिटांचा जादा वेळ, तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी. १०:३० ला सुरू झालेला सामना साधारण १२:२५ ला संपतो. जादा वेळ झाला तर १:०५, पेनल्टीपर्यंत गेला तर १:२० धरा. पालकांना आधीच दीड वाजेल असं सांगून ठेवा. १२ ला न्यायला आलेला माणूस जादा वेळ सुरू असताना दारात उभा राहिला की कोणाचंच लक्ष लागत नाही.

आता कॅन्सस सिटी. २६ सामन्यांत ६५ गुण, दुसऱ्या नंबरच्या वॉशिंग्टनचे ४४. २०२५ च्या मोसमात लीगमध्ये १४ संघ होते आणि पहिले ८ प्लेऑफला गेले. आठवा होता गॉथम, ३६ गुणांचा. पहिल्याची गाठ आठव्याशी, आणि तिथेच गॉथमने कॅन्सस सिटीला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेत २-१ ने हरवलं. कॅन्ससची मुख्य स्ट्रायकर टेमवा चाविंगा दुखापतीमुळे बाहेर होती. गॉथमच्या जेडिन शॉचा गोल, कॅन्ससची शेवटच्या क्षणी बरोबरी आणि जादा वेळ संपता संपता गॉथमच्याच केटी स्टेंगलचा गोल, असा तो सामना झाला.

एक गोष्ट मुलींना जरूर सांगा. उरलेले चार संघ म्हणजे गेल्या चार वर्षांचे चार विजेते आहेत: २०२१ वॉशिंग्टन, २०२२ पोर्टलँड, २०२३ गॉथम, २०२४ ऑर्लँडो. गुणतक्ता काहीही म्हणो, बाद फेरी कशी खेळायची हे या चौघांना ठाऊक आहे.

माझं मत: वॉशिंग्टन-पोर्टलँड थेट दाखवा. वॉशिंग्टन घरच्या मैदानावर आहे, गुणांत वर आहे. जिंकायला हवी.

फातोर्डा_उत्तर_स्टँड
गुणांत वर म्हणजे किती? ४४ आणि ४०. २६ सामन्यांत चार गुणांचा फरक हा फरकच नव्हे, एका विजयाचा आणि एका बरोबरीचा मामला. त्यावरून निकाल काढू नये. वॉशिंग्टनचं पारडं जड आहे हे मलाही मान्य, पण कारण वेगळं. कारण प्रवासाचं आणि घड्याळाचं आहे.

पोर्टलँड पश्चिम किनाऱ्यावरचं, वॉशिंग्टनपेक्षा तीन तास मागे. दुपारी १२ ची किकऑफ म्हणजे पोर्टलँडच्या खेळाडूंच्या शरीराला सकाळचे ९. सामन्याआधीचं मुख्य जेवण साधारण साडेतीन तास आधी घेतात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पहाटे साडेपाचला. पूर्वेकडे जाताना झोप पुढे ओढावी लागते आणि ते पश्चिमेकडे जाण्यापेक्षा जड जातं. ढोबळ नियम असा की एका तासाच्या फरकाला शरीर एक दिवस घेतं. त्यात पोर्टलँड रविवारी, ९ तारखेला, सान डिएगोशी १२० मिनिटं खेळली (रायलिन टर्नरच्या जादा वेळेतल्या गोलावर १-० ने जिंकली). सामन्यांमध्ये सहा दिवस. त्यातले पहिले दोन-तीन पाय मोकळे करण्यात जातात, एक प्रवासात, आदल्या दिवशी हलका सराव. पूर्ण जोराचा सराव एखादाच. वॉशिंग्टनही लुईव्हिलशी १२० मिनिटं खेळून पेनल्टीवर ३-१ ने सुटली, पण शनिवारी आणि घरच्याच मैदानावर.

दुसरं, मैदान. पोर्टलँडचं घरचं मैदान कृत्रिम गवताचं, वॉशिंग्टनचं ऑडी फील्ड नैसर्गिक गवताचं. म्हापशाच्या धुळेरच्या कृत्रिम मैदानावर सराव करून फातोर्ड्याच्या गवतावर खेळायला गेलेल्या मुलींना हे समजावावं लागणार नाही. गवतावर जमिनीलगतचा पास हळू पोचतो. कृत्रिम मैदानाच्या सवयीने दिलेला २० मीटरचा आडवा पास दोन पावलं कमी पडतो आणि विंगर मध्येच उचलते. पहिली दहा-पंधरा मिनिटं पोर्टलँडच्या मागच्या फळीचे आडवे पास बघा. तिथे चूक झाली तर समोर वॉशिंग्टनची रोझमॉन्ड कुआसी आहे, आयव्हरी कोस्टची. चेंडू मिळताच ती थेट बचावपटूच्या अंगावर धावत जाते. आणि मध्ये नायजेरियाची गिफ्ट मंडे.

वॉशिंग्टनच्या ट्रिनिटी रॉडमनच्या नावावर सामना दाखवू नका, मुली निराश होतील. ऑक्टोबरच्या मध्याला तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला. आली तर बदली खेळाडू म्हणून, उशिरा.

पोर्टलँडच्या बाजूने एकच गोष्ट पण मोठी: मधली फळी. सॅम कॉफी मागे, ऑलिव्हिया मोल्ट्री आणि कॅनडाची जेसी फ्लेमिंग पुढे. सोफिया विल्सन बाळंतपणाच्या रजेवर असल्यामुळे हमखास गोल करणारी स्ट्रायकर या मोसमात त्यांच्याकडे नव्हती, आणि तरीही तिसरा नंबर आला तो या तिघींच्या जोरावर. कॉफीला मागे वळायला जागा मिळाली तर सामना पोर्टलँडच्या हातात. वॉशिंग्टनची लेसी सांतोस आणि हॅल हर्शफेल्ट तिला ती जागा देतात का, यावरच माझ्या मते सगळं आहे.

फोंड्याची_गोलकीपर
दोघांनीही ऑर्लँडो-गॉथम बाजूला टाकला याचं वाईट वाटलं. खेळ शिकायला तोच जास्त चांगला सामना आहे. थेट नाही तर सोमवारी संध्याकाळी मुद्रित (रेकॉर्ड केलेला) दाखवा, पण दाखवा.

ऑर्लँडोचा फायदा उघड आहे. चौघांत फक्त त्यांचाच सामना ९० मिनिटांत संपला, सिएटलविरुद्ध २-०, आणि तोही शुक्रवारी ७ तारखेला. म्हणजे नऊ दिवस विश्रांती. गॉथमला सात, १२० मिनिटांनंतर. पण नऊ दिवस विश्रांती मिळाली म्हणून त्यांची स्ट्रायकर बार्ब्रा बांडा परत येत नाही. ऑगस्टपासून ती जांघेच्या स्नायूच्या दुखापतीमुळे बाहेर आहे. गेल्या वर्षीच्या फायनलमधला एकमेव गोल तिचा होता. ती असताना ऑर्लँडोला लांब चेंडू पुढे टाकून वर सरकता यायचं, कारण एकटी बांडा दोन बचावपटूंना भारी पडायची. आता चेंडू पायापायाने पुढे न्यावा लागतो. त्यासाठी त्यांनी मेक्सिकोच्या जॅकी ओव्हायेला तिग्रेस क्लबकडून १५ लाख डॉलर मोजून आणलं. महिला फुटबॉलमधली तेव्हाची ती सर्वांत मोठी रक्कम. ती डावीकडून आत येते आणि ब्राझीलची मार्ता मधोमध चेंडू मागते. मार्ता ३९ वर्षांची आहे. ती किती कमी धावते आणि तरी नेमकी मोकळ्या जागी कशी असते, हे मुलींना दाखवा. तिच्याकडून घ्यायची गोष्ट हीच.

गॉथमची ताकद वेगळी. प्रशिक्षक हुआन कार्लोस अमोरोस संघाला चेंडू ठेवून खेळायला लावतात. रोझ लव्हेल आणि जेडिन शॉ समोरच्या संघाच्या मधल्या आणि मागच्या फळीच्या मध्ये उभ्या राहतात, पुढे स्पेनची एस्तेर गोन्सालेस. एस्तेर उंच नाही, तरी गोलसमोरच्या पेटीत मोकळी सापडते, कारण ती आधी दूरच्या खांबाकडे पाऊल टाकते आणि बचावपटू हलली की जवळच्या खांबाकडे येते. हे एक पाऊल रीप्लेमध्ये थांबवून दाखवण्यासारखं आहे. ऑर्लँडोची बचावपटू एमिली सॅम्स तिच्याबरोबर हलते की जागा धरून राहते, ते बघा. जागा धरली तर ऑर्लँडो वाचेल.

आणि आठवा नंबर म्हणून गॉथमला कमी लेखू नये. २०२३ मध्ये ते सहावे येऊन विजेते झाले होते.

आता माझ्या जागेचं, गोलपोस्टचं. चारपैकी तीन संघ क्वार्टर फायनलमध्ये जादा वेळेत गेले, म्हणजे पेनल्टीची तयारी चौघीही गोलकीपर करून येणार. वॉशिंग्टनच्या ऑब्री किंग्सबरीने गेल्या वर्षीच्या सेमीफायनलमध्ये गॉथमच्या तीन पेनल्टी अडवल्या, शूटआऊट ३-० संपला. त्या दिवशी समोर गॉथमच्या गोलमध्ये अ‍ॅन-कॅट्रिन बर्गर होती. त्याच बर्गरने या जुलैमध्ये युरोच्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) क्वार्टर फायनलला फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी अडवल्या आणि एक स्वतः मारून गोल केला. किंग्सबरी आणि बर्गर दोघींचं बघण्यासारखं एकच: मारणारीचा पाय चेंडूला लागेपर्यंत एक पाय रेषेवर. आपल्या मुली इथेच चुकतात. आधीच पुढे उडी घेतात, अडवलेली पेनल्टी पुन्हा मारायला मिळते आणि वर पंच ताकीद देतात. व्हिडिओ रेफ्री असलेल्या सामन्यात ही चूक लपत नाही.

मारणाऱ्या मुलींसाठी: शिट्टी वाजली की लगेच धावू नये. चेंडू ठेवून मागे जाताना कोपरा ठरवावा, शिट्टीनंतर एक श्वास घ्यावा, मग धावावं. धावताना मन बदललं की चेंडू मधोमध जातो.

साखळीची_साइडबॅक
मनापासून आभार. मग शनिवारी रात्री पहिला थेट आणि सोमवारी संध्याकाळी दुसरा मुद्रित. आता एक अडचण. वीसेक मुली, एकच पडदा. सगळ्या चेंडूकडेच बघतात आणि गोल झाला तेवढंच लक्षात राहतं. प्रत्येकीला काय काम द्यावं?

फातोर्डा_उत्तर_स्टँड
चेंडूकडे बघायचं काम कोणालाच देऊ नका, ते आपोआप होतं. जागेप्रमाणे वाटा. ज्या मुली सेंटर बॅक खेळतात त्यांनी वॉशिंग्टनच्या टारा रड आणि एज्मी मॉर्गन यांच्यातलं अंतर बघायचं, तेही चेंडू पलीकडच्या बाजूला असताना. मिडफिल्डच्या मुलींनी फक्त सॅम कॉफी. पास मिळण्याआधी ती खांद्यावरून किती वेळा मागे बघते, हे पहिल्या २० मिनिटांत कागदावर रेघा मारून मोजायचं. मोठा कॅमेरा असतो तेव्हाच मोजा, जवळच्या दृश्यात काही कळत नाही. विंगरनी कुआसी. गोलकीपरनी किंग्सबरी चेंडू हातात आल्यावर लांब टाकते की जवळ, आणि संघ पुढे असताना त्यात काय बदल होतो. साइडबॅकनी पोर्टलँडच्या साइडबॅक हाफलाइनच्या पुढे गेल्यावर त्यांची जागा कोण भरतं ते.

कॉर्नरला सगळ्यांनी एकच मोजायचं: हल्ला करणाऱ्या संघाने मागे किती जणी ठेवल्या. दोन की तीन. सेमीफायनल बऱ्याचदा स्वतःच्याच कॉर्नरनंतर खाल्लेल्या गोलावर जाते.

मध्यंतर १५ मिनिटांचं असतं. त्यात प्रत्येक गटाच्या एका मुलीने एक वाक्य सांगायचं, जास्त नाही. नाहीतर दुसरा हाफ सुरू होऊन जातो.

डिचोलीचा_दहा_नंबर
बदली खेळाडूंचा कागद वेगळा ठेवा. ९० मिनिटांत पाच बदल, तेही खेळ थांबवून तीनदाच, मध्यंतर वेगळं. जादा वेळेत आणखी एक बदल मिळतो. त्यामुळे ६० ते ७५ मिनिटांत प्रशिक्षक दोघी-तिघींना एकदम आणतात. कोण गेलं, कोण आलं आणि त्यानंतरच्या पाच मिनिटांत चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात राहिला, एवढं लिहिलं तरी पुरे. गेल्या मोसमात प्लेऑफच्या क्वार्टर आणि सेमीच्या सहाही लढती घरच्या संघांनी जिंकल्या, यंदा आतापर्यंत चारपैकी तीन. प्रेक्षक असतातच, पण मला वाटतं उशिराच्या या बदलांतही घरच्या संघाचे पाय ताजे राहतात.

फातोर्डा_उत्तर_स्टँडचं प्रवासाचं म्हणणं पटलं. गुणांचा मुद्दा मागे घेतो, वॉशिंग्टनचा नाही. वॉशिंग्टन एका गोलाने जिंकेल.

फोंड्याची_गोलकीपर
दुसऱ्या सामन्यात गॉथम जिंकेल, जादा वेळेत किंवा त्याच्या अगदी काठावर. ऑर्लँडोची गोलकीपर अ‍ॅना मूरहाउस सहज गोल खाणारी नाही, २०२४ मध्ये तिने १३ सामन्यांत एकही गोल न खाण्याचा लीगचा विक्रम केला होता. म्हणून गोल झाला तर फ्री किक किंवा कॉर्नरवरून होईल असं वाटतं.

ताई, मुलींतल्या मोठ्यांना ऑक्टोबर २०२२ आठवत असेल. १७ वर्षांखालच्या विश्वचषकाच्या दोन्ही सेमीफायनल फातोर्ड्यालाच झाल्या होत्या. कोलंबिया-नायजेरिया ०-० राहिला आणि जादा वेळ न खेळवता थेट पेनल्टी. त्या स्पर्धेत जादा वेळच नव्हता, इथे आहे. हा फरक आधी सांगा, नाहीतर ९० मिनिटं झाली की त्या पेनल्टीची वाट बघत बसतील.

संघ साधारण तासभर आधी जाहीर होतात. शनिवारी साडेनऊच्या सुमारास नावं मिळाली की फळ्यावर दोन्ही संघ मांडून ठेवा आणि प्रत्येकीने आपली खेळाडू तिथे शोधावी. आणि फायनल २२ तारखेला सान होझेला आहे, आपल्याकडे रविवारी सकाळी ६:३० ला. त्या दिवशी सराव साडेनऊ नंतर ठेवलात तर तीही बघून होईल.