मदत हवी आहे : फिबीला नुसते ‘सेविका’ म्हणावे काय?

सप्रेम नमस्कार. येत्या रविवारी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला संघात मला बायबलातील फिबी या स्त्रीविषयी दहा मिनिटे बोलायचे आहे, आणि नव्या करारात तिच्याविषयी आहेत ती रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायातील पहिली दोन वचने. किंख्रिया हे करिंथचे पूर्वेकडील बंदर. तेथील मंडळीची सेविका म्हणून पत्रलेखक प्रेषित पौल तिची शिफारस करतो, त्यावरून ते पत्र तिनेच रोमला नेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

माझी अडचण शब्दांची आहे. ‘सेविका’साठी मूळ ग्रीकमध्ये असलेला ‘दिआकोनोस’ हा शब्द पौलाने १ करिंथकरांस ३:५ मध्ये स्वतःसाठी व अपुल्लोस या सहकारी प्रचारकासाठीही योजला आहे. मात्र ‘सेविका’ म्हटले की आमच्याकडे चटया अंथरणारी, चहाचे कप विसळणारी बाईच डोळ्यांपुढे येते (तेही काम कमी नव्हे). तिच्यासाठी आलेला दुसरा ग्रीक शब्द ‘प्रोस्तातिस’, म्हणजे आश्रय देणारी, पाठीशी उभी राहणारी. त्यासाठी ‘साहाय्य करणारी’ मला अपुरे वाटते.

पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलात हे दोन शब्द कसे आले आहेत, हे ज्यांच्याकडे ती प्रत असेल त्यांनी कृपया कळवावे. त्या पानाचे छायाचित्र शनिवारपूर्वी मिळाल्यास फार उपकार होतील.